विरूपाक्ष मास्तरांची दुसरी गाणी

विरूपाक्ष मास्तर गेल्याची बातमी आमच्याकडच्या पेपरात आतल्या पानावर आली. फोटो बँडच्या लाल कोटातला. मथळा होता, 'चष्मेवाल्या गाण्याचे मास्तर हरपले'. खाली दहा ओळी, आणि दहाही त्या एकाच गाण्याबद्दल. 'चष्मा काढ गं, नीट बघ गं' हे गाणं मास्तरांनी कसं रचलं, भूमपासून उमरग्यापर्यंत एकही वरात त्याच्याशिवाय पुढं कशी सरकत नाही, आता डीजेवाल्यांनीही ते कसं उचललंय, वगैरे. मी पेपरची घडी घातली आणि मला बरं वाटलं. माणूस गेल्याची बातमी वाचून बरं वाटणं हे काही चांगलं लक्षण नाही, पण वाटलं खरं. त्यांच्या दुसऱ्या गाण्यांबद्दल पेपरात एक अक्षर नव्हतं.

ही दुसरी गाणी अकरा आहेत. गावच्या लिंगायत मठातल्या सोमवारच्या भजनासाठी मास्तरांनी केलेली, दहा-पंधरा माणसांनी मिळून म्हणायची. त्यातलं एक आता आजूबाजूच्या चार गावांत म्हणतात, पण ते कुणाचं हे कुणाला ठाऊक नाही. ठाऊक नाही याला थोडाफार मी कारण आहे. थोडाफार हा शब्द मी माझ्या सोयीसाठी वापरला, हेही सांगून टाकतो.

मी मूळचा भूमचा. संगीत विशारद, तोही पहिल्या वर्गात. माकणीच्या अलीकडं, धरणाच्या अंगाला आमचं हे गाव आहे. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं, सरळ गल्ल्यांचं, कुणाचं घर कुठलं ते पहिल्या वर्षी कळतच नाही. इथल्या शाळेत मी मराठी शिकवायला आलो, पण गळ्यात गाणं होतं आणि ते सगळ्यांना कळावं अशी माझी इच्छा होती. आल्या आल्या एक गोष्ट कळली. गावात 'मास्तर' एकच होते आणि ते मी नव्हतो. मी सर. मास्तर म्हणजे विरूपाक्ष मास्तर, बँडवाले. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला सगळं गाव मास्तर म्हणतं आणि विशारद झालेला माणूस नुसता सर, ही ठसठस पहिल्या आठवड्यातच सुरू झाली.

मास्तर बुटके होते, खांद्यांनी रुंद. जन्मभर क्लॅरनेट फुंकून त्यांचे गाल सैल पडले होते आणि खालच्या ओठाच्या मधोमध एक घट्टा होता. घरात कानडी बोलायचे, बाहेर मराठी, आणि ताल मात्र कानडीतच मोजायचे. 'वंदु, यरडु, मूरु, नाल्कु.' बँडमधल्या कुणालाही मराठीत मोजलेलं चालत नसे, पाय चुकतात म्हणायचे. क्लॅरनेटच्या पेटीत वाद्याशेजारी कायम भुईमुगाच्या शेंगा आणि गुळाचा खडा. लग्नातल्या पंगतीला ते कधी बसले नाहीत. मांडवाच्या बाहेर दगडावर बसून शेंगा फोडायचे.

मठातही ते आत येत नसत. उंबऱ्याजवळ, जिथं सगळ्यांच्या चपला पडलेल्या असायच्या तिथं बसायचे. मी एकदा म्हटलं, "मास्तर, आत या की, सतरंजी टाकलीय."

"नगं, सर. वाजवनाऱ्यानं आत जाऊ न्हाय. आत गेलं की आपलं आपल्यालाच ऐकू येतंय."

आणखी एक खोड होती. भेटलं की कुणी 'कसं काय' म्हणतो, कुणी मठातल्या रीतीनं 'शरणार्थी' म्हणतो. मास्तर म्हणायचे, "बोला की." आणि तुम्ही बोलायला लागलात की डोळे मिटून घ्यायचे. काय बोलताय याच्याकडं त्यांचं लक्ष नसे, आवाज कसा आहे तेवढंच ऐकायचे. भाजीवालीपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांचं ते असंच ऐकायचे. तलाठ्याला वाटायचं हा माणूस आपल्यासमोर झोपतो.

मी गावात आलो त्या वर्षी मठाच्या अज्जांनी, म्हणजे तिथल्या वृद्ध स्वामींनी, मला बोलावून सोमवारच्या भजनाची जबाबदारी दिली. मी ती मनावर घेतली. तोवर भजनाला कुणीही यायचं, कसंही गायचं. मी प्रत्येकाचा आवाज तपासला. दोन सोमवारांत पाच जणांना बाजूला काढलं. त्यात गिरणीवाल्या शांताबाई होत्या. पिठाच्या गिरणीच्या आवाजावरून बोलून बोलून त्यांचा गळा जाड झाला होता, सगळ्यांच्या खाली एकाच सुरात चालायचा. दुसरे चनबसप्पाकाका. त्यांना दमा. ओळीच्या मध्यावर त्यांचा श्वास संपायचा आणि पुढची अर्धी ओळ खोकल्यात जायची. मी अगदी गोड शब्दांत सांगितलं, तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवा.

शांताबाई म्हणाल्या, "टाळ्या वाजवाय मठात कशाला येऊ, सर? डास घरात बी हायेत."

त्या उठल्या, चनबसप्पाकाका उठले, बाकीचे तिघंही उठले आणि बाहेर जाऊन चपलांपाशी बसले. तिथं मास्तर होतेच.

पुढचे काही सोमवार मी आत भूप शिकवत होतो आणि बाहेरून काहीतरी गुणगुण ऐकू यायची. मी दार लोटून घ्यायला सांगितलं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, मठ भरलेला असताना अज्जा म्हणाले, "बाहेरची मंडळी बी काय तरी करायली म्हनं. ऐकवा की."

ते पाच आणि त्यांनी कुठून कुठून जमवलेले आणखी सात असे बारा जण उंबऱ्याच्या आत येऊन उभे राहिले. मास्तर बाहेरच. त्यांनी कानडीत चार मोजले आणि गाणं सुरू झालं. शब्द मास्तरांचेच, अगदी साधे. 'दार उघड, शिवा, म्या पायतान काढलंय.'

आपल्या भजनात एक सांगतो आणि बाकीचे तेच मागून म्हणतात. इथं तसं नव्हतं. बायका 'दार उघड' म्हणत वर गेल्या, आणि त्यांची ओळ संपायच्या आत पुरुषांनी 'पायतान काढलंय' ही वेगळीच चाल सुरू केली. दोन्ही चाली एकमेकींच्या अंगावरून गेल्या आणि कुणी कुणाला अडखळलं नाही. त्या दोन्हींच्या खाली शांताबाई. एकट्या. एकाच सुरावर लांबवर 'शिवा, शिवा' म्हणत होत्या. जो आवाज मी बाजूला काढला होता, त्या आवाजावर सगळे उभे होते. शेवटी सगळे एकदम थांबले. मठात दोन मात्रा काहीच नाही. मग चनबसप्पाकाकांनी, श्वास पुरता संपलेल्या, फाटलेल्या आवाजात एकच शब्द म्हटला, "आलो."

तो शिवाचा शब्द होता. आतून, दारापलीकडून आलेला. एवढ्या वेळ हाका मारून घेतल्यावर देव धापा टाकत आला आहे असं वाटलं. पुढं बसलेल्या बायका डोळे पुसायला लागल्या. माझी बोटं पेटीच्या पट्ट्यांवर तशीच राहिली. गाणं मला कळत होतं, हाच माझा दोष. शेजारच्या माणसाला ते नुसतं आवडलं. मला ते काय आहे हे कळलं. सोळा वर्षं तंबोऱ्यापुढं बसून मला असलं काही सुचलं नव्हतं आणि सुचणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, हे कुठून आलं?

"बँडात हे रोजचंच हाय, सर. वर क्लॅरनेट नवरीचं गातंय, खाली मोठा भोंगा नवरीच्या बापावानी आपलंच बडबडतोय. दोगं भेटत न्हाईत, पन वरात चालती की."

त्यानंतर गाणी होत गेली. मास्तरांची पद्धत अशी की आधी माणूस, मग गाणं. कुणाचा आवाज कापरा आहे, कुणाला र म्हणता येत नाही, कोण ओळीच्या शेवटी सवयीनं वर जातो, हे ते महिनोन्‌महिने डोळे मिटून ऐकायचे आणि मग त्या माणसाच्या नेमक्या उणिवेवर ओळ बसवायचे. त्यांच्याकडं एक शंभर पानी वही होती. एकदा ती उंबऱ्यावर विसरली तेव्हा मी उघडून बघितली. एकही स्वर लिहिलेला नव्हता. नुसती नावं. 'शांताबाई: गिरनी बंद झाल्यावर बोलतेत तसं.' 'चनबसप्पा: दम सरल्यावरच.' 'मल्लम्मा: लेकराला हाक मारल्यावानी, पन लेकरू जवळ हाय.' मी ठरवलं, ही गाणी आपण नीट स्वरलिपीत लिहायची. तीन दिवस शाळा सुटल्यावर बसलो. प्रत्येक ओळ सुटी सुटी लिहिता आली. एकाखाली एक मांडून मी त्या पेटीवर वाजवल्या तेव्हा त्यात काहीच नव्हतं. मी कागद फाडले आणि बायकोला सांगितलं की चाली सामान्य आहेत.

गावात कुणाला या गाण्यांचं फार काही वाटत नव्हतं, हा मला मोठाच दिलासा होता. सोमवारचं भजन, त्यात काय. लग्नाकार्यात मास्तरांभोवती गर्दी व्हायची ती चष्म्यासाठी. मठात एकदा कोण पुढारी आले होते. त्यांच्यापुढं बायका-पुरुषांनी 'दार उघड' म्हटलं. पुढाऱ्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "छान, छान. मास्तर, आता चष्मा होऊ द्या!" मास्तर हसले. मठाच्या समोर, रस्त्यावर उभं राहून त्यांनी चष्मा वाजवला, तोही मनापासून. त्यांना कशाचंच काही कसं वाटत नाही, याचाही मला राग यायचा.

आणि मी वाट बघत होतो. चार वर्षांत मास्तरांनी गावातल्या निम्म्या फुटक्या-तुटक्या गळ्यांना ओळी दिल्या. र न म्हणता येणाऱ्या महादूला दिली, तोतऱ्या गुरवाला दिली. मला नाही. शेवटी एका संध्याकाळी थट्टेच्या सुरात म्हटलं, "मास्तर, आमच्यावर काय राग आहे का? एखादी ओळ आम्हालाही द्या की." थट्टा फक्त सुरात होती.

त्यांनी डोळे मिटले. "म्हना की."

मी यमन गायलो. अगदी जीव ओतून गायलो, वरच्या षड्जावर जाऊन थांबलो. मास्तरांनी सूर विरेपर्यंत ऐकलं. मग डोळे उघडून म्हणाले, "लई गोड. काय बी कमी न्हाय."

"मग?"

"मग म्या कुठं शिरू, सर? भिताडाला भेग असली तर पिंपळ उगवतोय. तुमचं भिताड लई सपाट हाय."

आयुष्यात माझ्या गाण्याची एवढी तारीफ कुणी केली नव्हती. एवढा अपमानही कुणी केला नव्हता.

धाराशिवला एका मंडळानं भजन स्पर्धा ठेवली, ती त्यानंतरच्या उन्हाळ्यात. ऐन लग्नसराई. मास्तर बँड घेऊन भूमजवळच्या वाशीकडं गेले होते, तिकडं सलग तीन लग्नं होती. आमच्या मंडळींनी हट्ट धरला, दुसरं काही म्हणायचं नाही, 'दार उघड'च म्हणायचं. पथकप्रमुख मी. स्पर्धेचा अर्ज मी भरला. पथकाचं नाव, गाव, प्रमुखाचं नाव, गीताचे बोल. शेवटचा रकाना होता, 'चाल कोणाची'.

पेन थांबलं. शेजारी शांताबाई पदरानं वारा घेत बसल्या होत्या. आपल्याकडं ज्या चालीचा धनी ठाऊक नसतो तिच्यापुढं एक शब्द लिहितात, सगळेच लिहितात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मी तो लिहिला. 'पारंपरिक'. मला धनी ठाऊक होता. कुणी माझा हात धरला नव्हता, घाई नव्हती, विसरलोही नव्हतो.

पहिला नंबर आला. परीक्षक स्वतः गवई होते. बक्षीस देताना म्हणाले, ही चाल किती पिढ्यांनी म्हणून म्हणून एवढी गुळगुळीत केली असेल, आज अशी चाल एखाद्याला बांधायची म्हटली तरी बांधता येणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल माझ्या खांद्यावर आली. परतताना टेम्पोत सगळे गात होते. धाराशिव मागं पडलं तेव्हा शांताबाई पहिल्यांदा बोलल्या.

"सर, पारंपरिक म्हंजे कोन वो? आपल्या गावात तर त्या नावाचं कुनी न्हाय."

मी शालीची घडी घालायला लागलो.

मास्तर दोन दिवसांनी परतले. मी दोन दिवस उत्तर घोकत होतो. अर्ज घाईत भरला, जागा लहान होती, छापणाऱ्याची चूक. मास्तर घरी आले ते हातात क्लॅरनेटची पेटी घेऊन. उघडली तर आत शेंगांच्या जागी पेढे.

"सर, त्यो परीक्षक काय म्हनला ते पुन्यांदा सांगा की. शांताबाईनं सांगितलं, पन तिला नीट सांगता येत न्हाय."

मी सांगितलं. किती पिढ्यांनी, गुळगुळीत, एखाद्याला बांधता येणार नाही. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. या वेळी मात्र ते शब्दच ऐकत असावेत.

"म्हंजे कुनी तरी केलंय असं वाटलंच न्हाय म्हना की," ते म्हणाले. "चष्म्याचं गानं माझं हाय, हे समद्यास्नी ठावं हाय. लोक ऐकतेत आन् म्हनतेत, मास्तरनं झकास केलंय. हे ऐकून कुनाला म्या आठवलोच न्हाय. जमलं की मंग, सर!"

आणि त्यांनी माझ्या तोंडात पेढा घातला. मी चोरी करायला गेलो आणि घरधन्यानं दारात उभं राहून ओवाळलं, अशी माझी गत झाली. खरं सांगायचं तर लाज दुसऱ्या नंबरावर होती. पहिल्या नंबरावर हेवाच होता. असा आनंद माझ्या वाट्याला कधीच आला नसता. माझं नाव नाही म्हटल्यावर मी तर दंगा केला असता.

पुढं चार गावांनी 'दार उघड' उचललं. एकच चाल ठेवून, वरची-खालची सगळी काढून टाकून. त्यांच्या भजनाच्या वहीत खाली लिहिलेलं असतं, पारंपरिक.

मग माझा गळा गेला. मानेतल्या गाठीचं ऑपरेशन सोलापुरात झालं. गाठ निघाली, पण डॉक्टर म्हणाले, आवाजाच्या शिरेला थोडा धक्का बसलाय, येईल तेवढा येईल. आला तो असा, की शब्द निघताना मधोमध फुटायचा आणि पुढं फक्त हवा यायची. मी पेटीवर चादर टाकली. मठात जाणं बंद केलं. रिटायर झालोच होतो. भजनाचं सगळं मास्तरांच्या आणि शांताबाईंच्या गळ्यात पडलं. त्याच सुमाराला चनबसप्पाकाका वारले. बारा वर्षं दर सोमवारी त्यांनी तो एक शब्द म्हटला होता. मास्तरांनी त्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही. ती जागा रिकामी ठिवा, म्हणाले. 'दार उघड' म्हणून झालं की सगळे थांबायचे, दोन मात्रा जायच्या, आणि काहीच यायचं नाही. लोक विभूती लावून घरी जायचे.

एका दुपारी मास्तर आमच्याकडं आले. गावातच लग्न होतं, अंगात लाल कोट, एका खांद्यावरची सोनेरी झालर तुटलेली. उन्हानं लाल झाले होते. पाणी प्यायले आणि म्हणाले, "बोला की, सर."

"काय बोलू, मास्तर? गेलं सगळं."

एवढंच बोललो. तेवढ्यात दोनदा आवाज फुटला. मास्तरांनी डोळे मिटलेले होते. त्यांचा चेहरा बघता बघता उजळला आणि मांडीवर थाप मारून ते म्हणाले, "आता जमलं!"

माझ्या अंगाची आग झाली. "काय जमलं?"

"चनबसप्पाची जागा. तुमीच म्हना. कवाधरनं बघतोय, कुनाचंच बसंना. आता भेग पडली बगा."

"मास्तर, मी विशारद आहे. एवढं शिकून मी चपलांपाशी उभा राहून एक शब्द म्हणू? दम्याच्या माणसाच्या जागी?"

"देवाचा शब्द हाय त्यो, सर."

"तुम्हाला माहितीय का," मी म्हणालो, आणि का म्हणालो मला ठाऊक नाही, त्यांना दुखवायचं होतं एवढंच, "तुम्हाला माहितीय का, त्या अर्जावर पारंपरिक मीच लिहिलं होतं. मुद्दाम. तुमचं नाव यावं असं मला वाटत नव्हतं."

मास्तर शेंगा फोडत होते. त्यांचा हात थांबला नाही.

"ठावं हाय की. शांताबाईनं फारम बघितला हुता. तिला वाचाय येतंय, सर, तुमाला वाटलं न्हाय व्हय?"

"आणि तरी पेढे वाटलेत?"

"तुमी लिवलं म्हनून वाटले. म्या लिवलं असतं तर कुनी मानलं असतं? तुमच्यावानी गान्यातल्या मानसाला चार वर्स खटकत हुतं, म्हंजे त्यात कायतरी हाय, हे मला तवाच कळलं." त्यांनी सालपटं गोळा करून कोटाच्या खिशात टाकली. "सोमवारी या."

मी गेलो नाही. पुढच्या सोमवारीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. माझ्या जळण्यावर या माणसानं आपल्या गाण्याची पारख केली होती, हे मला सहन होत नव्हतं.

मास्तर गेले तेव्हा लिंगायत रीतीप्रमाणं त्यांना बसवून नेलं, फुलांनी सजवून, कपाळावर विभूती. बँडची सगळी माणसं लाल कोटात आली होती. त्यांनी चष्म्याचं गाणं वाजवलं, अगदी संथ, एकेक सूर ओढत. कुणी हसलं नाही. गल्लीतल्या बायका मोठ्यानं रडल्या. मागून चालताना माझ्या मनात आलं की माझ्या वेळी काय वाजवतील? यमन? तेव्हाही मला दुसरं काही सुचलं नाही.

परवाच्या सोमवारी मठात लातूरकडचे कुणी पाहुणे होते. भजन संपल्यावर त्यांनी विचारलं, "ही चाल कुणाची?" शांताबाई टाळ गोळा करत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, विरूपाक्ष मास्तरांची. माझ्या फुटक्या आवाजात पाहुण्यांना ते नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. "ते चष्मेवाले?" त्यांनी विचारलं. तेच, मी म्हटलं. निघताना शांताबाईंनी माझी चप्पल पायानं सरकवून माझ्यापुढं केली.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं तो सोमवार सांगतो आणि थांबतो. त्यांची छाती धरली होती, क्लॅरनेट फुंकणं डॉक्टरांनी बंद केलं होतं. थंडीचे दिवस. मी दूध आणायला निघालो होतो. डेअरी दुसऱ्या बाजूला आहे, मठाच्या रस्त्यानं जायचं काही कारण नव्हतं. दिवस मावळत होता. मठाचं दार उघडं होतं आणि मास्तर त्यांच्या जागी, उंबऱ्याजवळ चपलांमध्ये, रस्त्याकडं पाठ करून बसले होते. थंडी वाजते म्हणून धोतरावर बँडचा लाल कोट घातला होता. आत 'दार उघड' चालू होतं.

मी रस्त्यावरच थांबलो. आवाज केला नाही. पण बँडमास्तर आयुष्यभर वरातीच्या पुढं चालतो, मागं कोण आलं, कोण थांबलं, हे त्याला पाठीनंच कळतं. गाणं शेवटाला आलं. बायका थांबल्या, पुरुष थांबले, शांताबाईंचा सूर थांबला. मास्तरांनी मागं वळून न बघता उजवा हात वर केला आणि दोन बोटं हलवून खूण केली. मोठ्या भोंग्याला आत घ्यायचं असलं की ते अशीच खूण करायचे, भर वरातीत, पुढं चालता चालता.

वंदु. यरडु.

"आलो," मी म्हटलं. मधोमध फुटला, त्यांना हवा होता तिथंच.

मास्तरांनी हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. मान वळवली नाही. आत कुणीतरी हुंदका दिला. दुधाची किटली माझ्या हातात होती आणि माझ्या पायात चपला नव्हत्या. त्या मी कधी काढल्या ते मला आजही सांगता येत नाही. गुरुवारी मास्तर गेले.

तेव्हापासून दर सोमवारी मी उंबऱ्याशी उभा राहून तो शब्द म्हणतो. त्यासाठी सगळं गाणं वाट बघत थांबतं. आता मला मास्तरांचा हेवा वाटत नाही, चनबसप्पाकाकांचा वाटतो. त्यांना तो बारा वर्षं मिळाला. माझे अजून पाचच सोमवार झालेत.